अंगण वाकडे नाही

गेल्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता आणि समोर पाच-सहाशे पालक दाटीवाटीने बसले होते. आमच्या गावात असतात तसेच. कुणाच्या घरी नुसती मराठी, कुणाच्या घरी आजी कानडी आणि नातू मराठी, कुणाच्या घरी दोन्हींची खिचडी. सातवीच्या मुलींनी स्वागतगीत धरले आणि मागून कॉम्प्युटरची साथ सुरू झाली. पहिल्या चार मात्रा पुऱ्या व्हायच्या आत मांडवात खसखस पिकली. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "कुल्फीवाला आला रे!" मुली ओशाळल्या, दोघींचा सूर गेला, एक तर रडत विंगेत पळाली. चाल आमच्याच एका शिक्षकाने बांधलेली होती आणि ती चांगली होती. तिचे स्वर, तिचा ठेका, कडव्यांमधले तुकडे दहावीच्या दोन मुलांनी महिनाभर शाळा सुटल्यावर बसून एकेक करून कॉम्प्युटरमध्ये भरले होते. महिन्याच्या त्या मेहनतीची वासलात एका आरोळीने लागली.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली आणि तिच्यात या प्रकरणाचे तीन निकाल लागले. एक सदस्य म्हणाले, "मिडी म्हणजे असलंच हो. मोबाइलच्या रिंगटोनसारखंच वाजायचं ते." दुसरे म्हणाले, बेचाळीस हजारांचा एक कीबोर्ड त्यांनी शहरात पाहून ठेवला आहे, वर्गणी काढून तो घेऊ. तिसऱ्यांचा उपाय सर्वांत सोपा. इंटरनेटवर गाण्यांचे तयार ट्रॅक मिळतात, ते लावा, मुले वर गातील, झंझट नाही. आमचे निवृत्त पेटीमास्तर कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चौथा निकाल दिला. "यंत्राला साथीला बसवलंत, मग हसणारच की लोक!"

मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण मला यातले काही कळत नव्हते. आता थोडेफार कळते, आणि म्हणूनच सांगतो, चौघेही चुकले होते. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण मुलांना चौथीपासून शिकवतो आणि स्वतःवर वेळ आली की विसरतो. मिडीचे अंगण सरळ होते. आम्हीच त्यात फाटक्या चपला घालून उतरलो होतो.

मिडी म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचा वाद व्यर्थ. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने १९८३ साली वाद्ये बनवणाऱ्या कंपन्यांनी एक ठराव केला, की एका कंपनीचे इलेक्ट्रॉनिक वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी एकाच भाषेत बोलेल. ती भाषा म्हणजे मिडी. तिच्यात नाद नसतो, फक्त हुकूम असतात. अमुक पट्टी दाब, इतक्या जोराने दाब, आता सोड. पट्ट्या ० ते १२७, जोर ० ते १२७, वाद्यांच्या ओळी सोळा. बस्स. म्हणून पाच मिनिटांच्या गाण्याची मिडी फाइल चाळीस-पन्नास किलोबाइटची असते, आणि तेच गाणे ध्वनिमुद्रित केले तर त्याच्या शंभरपट जागा खाते. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेतले पान कानाला लावले तर काय ऐकू येईल? कागदाची सळसळ. पान वाईट आहे असे कोणी म्हणत नाही, कारण ते कोणीतरी गायचे असते हे आपल्याला ठाऊक आहे. मिडीची फाइल हे तसलेच पान आहे. प्रश्न एवढाच, की ते गातो कोण?

आमच्या प्रयोगशाळेत ते गात होता विंडोजबरोबर आलेला एक छोटा नादसंच. रोलँड कंपनीकडून परवान्याने घेतलेला, १९९० च्या दशकातला, सुमारे साडेतीन मेगाबाइटांचा. साडेतीन मेगाबाइटांत पियानो, व्हायोलिन, बासरी, ढोल, एवढेच नव्हे तर हेलिकॉप्टरची घरघर आणि बंदुकीचा बार, असे सगळे कोंबलेले! त्या काळी ती कारागिरीच होती, कारण मेमरी सोन्याच्या भावाने मिळत असे. पण आज, जेव्हा लग्नातल्या हळदीचा एकेक व्हिडिओ शंभर-शंभर मेगाबाइटांचा आपण सकाळी उठून एकमेकांना पाठवतो, तेव्हा शाळेतल्या मुलांच्या गाण्याला साडेतीन मेगाबाइटांचे वाद्यवृंद का? कारण कोणी बदलला नाही म्हणून. दुसरे कारण नाही.

तो बदलता येतो. बदलण्याच्या वस्तूचे नाव साउंडफॉन्ट. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे नाव समजावून सांगावे लागू नये. अंक ज्याने छापून पाहिला आहे त्याला ठाऊक आहे, की मजकूर तोच असतो, पण खिळे झिजलेले असले की सोन्यासारखी कविताही फरशीवर पडलेल्या शाईसारखी दिसते. पुढे खिळे गेले, कॉम्प्युटर आला, फॉन्ट आले, तरी गोष्ट तीच राहिली. मजकूर एक, वळण वेगळे. मिडीची फाइल हा मजकूर आणि साउंडफॉन्ट हे त्याचे वळण. खऱ्या वाद्याचा एकेक स्वर मुद्रित करायचा, तो कोणत्या पट्टीपासून कोणत्या पट्टीपर्यंत वापरायचा, हळू दाबले तर कोणता तुकडा वाजायचा आणि जोरात दाबले तर कोणता, पट्टी दाबून धरली तर नादाचा कोणता भाग पुन्हापुन्हा फिरवायचा, हे सारे एका फाइलमध्ये लिहून ठेवायचे. झाला साउंडफॉन्ट.

ही युक्ती ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांची. सिंगापूरच्या क्रिएटिव्हने ई-म्यू १९९३ साली विकत घेतली आणि १९९४ साली साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई३२ नावाचे कार्ड बाजारात आणले. त्याआधीच्या बहुतेक कार्डांवर यामाहाची एक चिप असे. ती खऱ्या वाद्याचा आवाज काढतच नव्हती, गणिताने त्याची नक्कल करायची. लोकांच्या मनात बसलेला 'मिडीचा आवाज' तो हाच, आणि त्याच्या जोडीला २००३-०४ च्या सुमारास खिशाखिशांतून वाजणाऱ्या रिंगटोनचा. नव्या कार्डात आपण आपला नाद भरू शकत होतो. पण किती? कार्डावर मेमरी होती ५१२ किलोबाइट. सीडीच्या दर्जाचा, एका कानाचा नाद सेकंदाला ८८,२०० बाइट खातो. भागाकार करून पाहा, जेमतेम सहा सेकंद. सहा सेकंदांत माणसाला धड शिंकही देता येत नाही, त्यात त्या काळच्या हौशी मंडळींनी आख्खी वाद्ये बसवली. जादा मेमरी लावून हे २८ मेगाबाइटांपर्यंत नेता येई, पण ती विकत घेण्याची ऐपत किती जणांची होती? आज ते कार्ड लागत नाही. फ्लुइडसिंथ किंवा व्हर्च्युअलमिडीसिंथसारखा फुकट मिळणारा कार्यक्रम साध्या कॉम्प्युटरवर तेच काम करतो आणि १४० मेगाबाइटांचा साउंडफॉन्ट विनातक्रार पेलतो.

मी काय केले ते सांगतो. एका शनिवारी दुपारी, त्याच दोन मुलांना बरोबर घेऊन, तीच फाइल, त्याच कॉम्प्युटरवर, जनरलयूजर जीएस नावाच्या साउंडफॉन्टमधून वाजवली. हा सुमारे तीस मेगाबाइटांचा आहे आणि त्याच्या कर्त्याने तो सर्वांना मोफत वापरायला दिला आहे. फाइलमधला एक स्वर आम्ही हलवला नाही. व्हायोलिनचा तुकडा आला आणि दोघांपैकी एक मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "सर, हे आपलंच आहे?" त्याने विचारले. त्यांचेच होते ते. महिनाभर घालून जे लिहिले ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ज्या मेहनतीवर गाव हसले होते तिच्यात काही दोष नव्हता, हे त्या दोन मुलांना कोणीतरी सांगणे भाग होते. आम्ही शिक्षकांनी ते सांगायला तीन महिने लावले.

हे मी बैठकीत सांगितले तर कीबोर्डवाले सदस्य म्हणाले, "हेडसर, फुकटात मिळतं ते चांगलं कसं असेल?" या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? आपल्या समाजात पावती फाडल्याशिवाय वस्तूला अब्रू येत नाही. त्यांच्या पसंतीचा कीबोर्डही आतून तेच करतो. मुद्रित नादाचे तुकडे पट्टीगणिक वाजवतो. फरक इतकाच, की त्या कीबोर्डातला संच कारखान्यात कोंबलेला, आपल्याला बदलता न येणारा. बेचाळीस हजारांत शाळेला दोन चांगल्या पेट्या आणि एक तबलाजोडी येईल. ती घ्या, मी वर्गणीसाठी दारोदार फिरतो.

उलट बाजूची एक खुळीही मला अलीकडे भेटू लागली आहे. तिचे म्हणणे, जितका साउंडफॉन्ट मोठा तितका चांगला. एकाने मला एक गिगाबाइटचा संच अभिमानाने दाखवला. त्यातला पियानो सुरेख होता हे कबूल. पण ढोल एवढा बोंबलत होता, की बासरी त्याच्या मागे शोधावी लागे. जुन्या मिडी फाइली बऱ्याचशा १९९१ च्या रोलँड साउंड कॅनव्हासवर कान ठेवून बनवलेल्या आहेत. कोणते वाद्य किती मोठ्याने, याचा हिशेब तिथल्या तोलावर मांडलेला आहे. संच बदलला की तो तोल पुन्हा तपासावा लागतो. फ्लुइड आर३ हा संच १४० मेगाबाइटांचा आहे आणि त्यातली काही वाद्ये मला फार आवडतात, पण आमच्या स्वागतगीताला तीस मेगाबाइटांचा संचच जास्त शोभला. कान वापरा, वजनकाटा नको.

आता तयार ट्रॅकविषयी, कारण खरा धोका मला तिथे दिसतो. तयार ट्रॅक एका विशिष्ट गायिकेच्या पट्टीत बांधलेला असतो. आमच्या सातवीच्या मुलींतल्या निम्म्या तिथे पोचत नाहीत, आणि आवाज फुटायच्या वयातल्या नववीच्या मुलांचे तर विचारूच नका. मग मुले ओरडतात, आणि पालक समजतात आपल्या पोराला गळा नाही. ट्रॅकचा सूर ओढून खाली आणता येतो, पण फार ओढला की वाद्ये घसा बसल्यासारखी वाजतात. मिडीत हा प्रश्नच नाही. हुकूम बदलायचा, पांढरी चारऐवजी काळी दोन, आणि साउंडफॉन्ट त्या त्या पट्टीचा अस्सल नाद काढून देतो. लय कमी करा, नाद चिकट होत नाही. एक कडवे गाळा, एक वाढवा, बासरी बंद करून पोराला प्रत्यक्ष बासरी वाजवायला बसवा. पण याहून मोठी गोष्ट म्हणजे तयार ट्रॅक फक्त तयार गाण्यांचे मिळतात. सिनेमाचे मिळतील, मोठ्या कंपनीने काढलेल्या भावगीतांचे मिळतील. आमच्या शिक्षकाने बांधलेल्या स्वागतगीताचा ट्रॅक कोण काढणार? गावच्या ग्रामदेवतेच्या पालखीत म्हातारी माणसे म्हणतात त्या पदांचा? ज्या शाळा ट्रॅकवर जगतील त्यांच्या संमेलनात दहा वर्षांनी स्वतःचे एकही गाणे उरणार नाही. मग आपली पोरे तरी आपल्या शाळेत कशाला हवीत? तेच ट्रॅक पलीकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अधिक मोठ्या स्पीकरवर वाजतात.

इथवर मी बैठकीतल्या तीन सदस्यांशी भांडलो. आता आपल्या सगळ्यांशी भांडायचे आहे.

१९९१ साली 'जनरल मिडी' नावाची १२८ वाद्यांची यादी ठरली. कोणत्याही यंत्रावर पहिल्या क्रमांकावर पियानोच वाजावा, चाळिसाव्या घरात अमकेच असावे, असा हा करार. जपानी आणि अमेरिकी कारखानदारांनी मिळून केलेला. यादी वाचून पाहा. १०५ सतार, १०६ बँजो, १०७ शामिसेन, १०८ कोतो, १०९ कलिंबा, ११० बॅगपाइप, १११ खेड्यातले व्हायोलिन, ११२ सनई. म्हणजे आख्ख्या भारतवर्षाच्या वाट्याला सतार आणि सनई, आणि त्यांतली सनई बहुतेक संचांत अशी वाजते, की वऱ्हाडी मांडवातून उठून जावेत. तालवाद्यांची वेगळी यादी ४७ नादांची. तिच्यात बोंगो, कोंगा, माराकास आहेत. तबला नाही. ढोलकी नाही, संबळ नाही, पखवाज नाही, मंजिरी नाही. पेटीची तर गंमतच आहे. २१ व्या क्रमांकावर 'रीड ऑर्गन' आहे, म्हणजे पायाने भाता मारायचे चर्चमधले वाद्य. आमच्या पोरांनी पेटीच्या जागी तेच लावले होते. भजनाच्या मागे चर्च वाजले तर लोक हसणार नाहीत तर काय करतील?

ज्यांनी यादी केली त्यांना मी दोष देत नाही. जपानी माणसाने आपला कोतो आणि शामिसेन यादीत घातला, तो त्याचा शहाणपणा. माझा प्रश्न आपल्याला आहे. यादी सुधारण्याची आपल्याला गरजसुद्धा नाही, कारण साउंडफॉन्टमध्ये कोणत्या घरात काय भरायचे हे भरणारा ठरवतो. घर रिकामे आहे, किल्ली दारात लटकते आहे. इंटरनेटवर पेटीचे आणि तबल्याचे काही साउंडफॉन्ट मिळतात, नाही असे नाही. मी पाच-सहा ऐकले. एकात पेटीच्या नावाने पुन्हा तो चर्चचा ऑर्गनच निघाला, दुसऱ्यात 'धा' एवढाच एक बोल होता, तोही एखाद्या रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा. मिरज आमच्यापासून लांब नाही. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपण टाळ्या वाजवल्या. पण त्या तंबोऱ्याच्या जवारीचे चार स्वर कॉम्प्युटरात नीट भरून पोरांच्या हाती द्यावेत, हे आपल्यापैकी किती जणांच्या मनात आले? पं. रामभाऊ विजापुऱ्यांसारखा पेटीवादक ज्या बेळगावात पिढ्यानुपिढ्या शिष्य घडवत होता, त्या मुलखातल्या शाळेच्या कॉम्प्युटरवर पेटी म्हणून परदेशी ऑर्गन वाजावा, याची लाज आपल्याला वाटायला हवी.

पेटीमास्तरांशी माझे भांडण वेगळे आणि जास्त प्रेमाचे होते. त्यांचे म्हणणे असे. "बघा की हेडसर, पेटीत माझा हात असतो, भात्यात माझा दम असतो. तो तुमच्या डब्यात बसायचा नाही." मी त्यांना एक जुनी हकिकत सांगितली, जी खरे तर त्यांनीच मला पूर्वी सांगितली होती. पेटी ही मुळात युरोपातली, एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडे मांडी घालून हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास रूढ केली. मग नाटक मंडळ्यांनी तिला उचलले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला डोक्यावर घेतले. आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दार बंद केले! का? तर ती परदेशी, तिचे स्वर ठोकळ्यासारखे, तिच्यातून मींड निघत नाही. तीस वर्षांनी, १९७१ साली, ते दार किलकिले झाले. त्या तीस वर्षांत पेटी घराघरांत, भजनी मंडळांत आणि नाटकांच्या तालमींत वाजतच होती. मी मास्तरांना विचारले, "तुमच्या गुरुजींच्या पेटीविषयी रेडिओचे साहेब जे बोलत होते, तेच तुम्ही आता पोरांच्या कॉम्प्युटरविषयी बोलताय, नाही का?" मास्तर पान लावत होते. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता रिक्षात पेटी घालून प्रयोगशाळेच्या दारात हजर झाले.

आणि इथे एक गोष्ट लक्षात आली, जी मला कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती. साउंडफॉन्टमध्ये भरायला पेटीइतके सोपे वाद्य दुसरे नाही. पियानोची पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, नाद वेगळा, म्हणून एकेका स्वराचे चार-पाच तुकडे मुद्रित करावे लागतात. पेटीची पट्टी कशीही दाबा, तिला फरक पडत नाही. आवाज ठरतो भात्याने, आणि आवाज लहानमोठा करण्याचा हुकूम मिडीत आहेच. सतारीचा नाद विरत जातो, पेटीचा धरून ठेवता येतो, म्हणून तो फिरवायलाही सोपा. मास्तरांची पेटी साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची, पालिताण्याचे सूर, खर्ज आणि नर. प्रत्येक स्वर चार सेकंद धरला तर एकूण नाद तीन मिनिटांचाही होत नाही आणि जागा लागते सुमारे पंधरा मेगाबाइट. पंखे बंद केले, खिडक्यांना सतरंज्या लावल्या, साधा यूएसबी मायक्रोफोन पेटीच्या मागे हातभर अंतरावर ठेवला. मुद्रणाला ऑडॅसिटी, जोडणीला पॉलिफोन, दोन्ही फुकट.

पहिला प्रयत्न फसला. पोरांनी प्रत्येक स्वराचा पाव सेकंदाचा तुकडा फिरवायला लावला होता. कॉम्प्युटरला काम सोपे, पण वाजवल्यावर मास्तरांनी तोंड वाकडे केले. "हा सूर दम घेत नाही. मेलाय हा." आम्हा कोणाला कारण कळेना. ते त्यांनीच सांगितले. दोन सूर एकत्र वाजतात तेव्हा ते तंतोतंत एक कधीच नसतात. त्यांच्यात एक संथ लहर असते, आणि आम्ही ती लहर मध्येच कापून पुन्हापुन्हा डकवत होतो. मग लहर पुरी होईल असा दोन-अडीच सेकंदांचा तुकडा घेतला, टोके जुळवली. मास्तरांनी डोळे मिटून खर्जाचा षड्ज ऐकला आणि एवढेच म्हणाले, "आता ही माझी पेटी." सत्तरी ओलांडलेला, कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला माणूस तिथे नसता तर ते दोन हुशार पोरगे पाव सेकंदावरच समाधान मानून घरी गेले असते. यंत्राने साथीदाराला घालवले, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. साउंडफॉन्ट चांगला व्हायला वाद्य जाणणारा कानच लागतो, आणि असे कान आपल्या गावांत म्हातारे होत चालले आहेत.

तबला याहून अवघड आहे, हे लपवत नाही. त्याचे बोल पट्ट्यांवर मांडायचे, ना एका पट्टीवर, तिं दुसऱ्या, कत् तिसऱ्या, आणि इथे मात्र प्रत्येकाचे हलके-भारी प्रकार घ्यावे लागतात. डग्ग्याची घसीट चार वेगवेगळ्या तऱ्हांनी मुद्रित केल्याशिवाय ठेका जिवंत वाटत नाही. शिवाय एक खोच आहे. गाण्याची पट्टी बदलली की पेटी, बासरी सगळे सरकते, पण तालवाद्यांच्या ओळीला बहुतेक कार्यक्रम हात लावत नाहीत, कारण परदेशी ढोलाला सुराशी कर्तव्य नसते. आपला तबला षड्जाला मिळवलेला. तो मागेच राहतो आणि गाणे बेसूर वाटते. तेव्हा तबल्याची पट्टी वेगळी सरकवण्याची सोय संचातच करून ठेवावी लागते. सारंगी आणि गळा यांच्या वाटेला मी जाणार नाही. मिडीत स्वर वाकवण्याच्या १६,३८४ पायऱ्या आहेत, मींड कागदावर काढता येते, पण सारंगीचा गज एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जे करतो ते तुकडे जोडून होत नाही. जिथे माणूस बसवता येतो तिथे माणूसच बसवावा. आमच्या यंदाच्या संमेलनात मास्तर स्वतः पेटीवर असतील, बाकी वाद्ये कॉम्प्युटरची.

कायद्याचेही दोन शब्द. कोणाच्या विकत मिळणाऱ्या संचातले नाद उचलून आपले म्हणून वाटू नयेत. आपल्या पेटीचा, आपल्या वादकाच्या संमतीने मुद्रित केलेला नाद आपला आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

आमच्या पेटीचा साउंडफॉन्ट तयार आहे. ४२ पैकी तीन पट्ट्या पुन्हा मुद्रित करायच्या आहेत, कारण त्यांत बाहेरच्या स्कूटरचा हॉर्न शिरला आहे. तो ज्याला हवा त्याला विनामूल्य मिळेल, शाळा मराठी असो की कानडी. पेटीला दोन्ही सारख्याच समजतात. शनिवारी सकाळची शाळा असते, ती सुटल्यावर दोन वाजेपर्यंत प्रयोगशाळा उघडी ठेवतो. पेन ड्राइव्ह घेऊन या. तबल्यासाठी रविवारचा अर्धा दिवस देणारा वादक आम्ही शोधतो आहोत. संबळवाले एकजण मिळाले आहेत, पण नवरात्र ते तुळशीचे लग्न त्यांना उसंत नाही, त्यांचे काम मार्गशीर्षात.